धावत्या नातवासाठी पट्टा : गोव्याच्या सुट्टीत वापरलेल्या दोन प्रकारांचे परीक्षण

लहान मुलाला चालताना हाताशी ठेवण्यासाठी जे पट्टे बाजारात मिळतात, त्यांपैकी दोन प्रकार आम्ही नाताळच्या सुट्टीत गोव्यात वापरले. पहिला मनगटाला बांधायचा. त्यात मुलाचे आणि मोठ्या माणसाचे मनगट प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या वेटोळ्या तारेने जोडले जाते. दुसरा छातीवरून आणि खांद्यांवरून घालायचा. त्याच्या पाठीवरच्या कडीत नायलॉनची लांब पट्टी अडकवायची आणि तिची मूठ आपण धरायची. निष्कर्ष आधीच सांगतो. छातीचा पट्टा घेण्यासारखा आहे, मनगटाचा नाही, आणि समुद्राच्या पाण्यात किंवा दुचाकीवर या दोन्हींपैकी कोणताही वापरू नये.

नातू दोन वर्षांचा आहे. हात धरला की तो काही पावले शिष्टपणे चालतो, मग हात सोडवून घेण्यासाठी सरळ खाली बसतो, आणि सुटका झाली की ज्या दिशेला आपल्याला जायचे नसते नेमक्या त्याच दिशेला पळतो. कोल्हापुरात घरासमोर फाटक असलेले अंगण आहे, त्यामुळे तेथे हे सारे कौतुकाने पाहता येते. मुलगी फोंड्याला दिलेली असल्यामुळे आमची सुट्टी बहुधा गोव्यात जाते, आणि तेथे पायी हिंडण्यासारख्या बहुतेक जागी एका अंगाला वाहने, पायऱ्या, तट किंवा पाणी यांपैकी काहीतरी असतेच. बाबागाडीचा उपयोग फरसबंद वाटेपुरता. जांभ्या दगडाच्या चढावर आणि वाळूत तिची चाके अडतात, शिवाय नुकतेच पळायला शिकलेले मूल तिच्यात बसायला तयार नसते. माझे गुडघे आता धावण्याच्या कामाचे राहिलेले नाहीत, हेही या खरेदीमागचे एक कारण आहे आणि ते लपवण्यासारखे नाही.

मनगटाच्या पट्ट्याबद्दल पहिला आक्षेप शरीररचनेचा आहे. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांच्या कोपरात, कोपराखालच्या रेडियस या हाडाच्या टोकाला धरून ठेवणारे वळे अजून पुरेसे घट्ट झालेले नसते. हात सरळ असताना मनगटाला अचानक हिसका बसला, तर ते टोक वळ्यातून किंचित निसटते. मूल हात हलवणे बंद करते आणि तो अंगाशी लोंबता धरून रडते. बालरोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे, ते सांधा काही क्षणांत जागेवर बसवतात, आणि बहुधा कायमची इजा राहत नाही. परंतु एकदा असे झालेल्या मुलाला ते पुन्हा होण्याची शक्यता असते. आता मनगटाच्या पट्ट्याचे काम कसे चालते ते पाहावे. मूल पळते, तार संपते, आणि त्याच्या सगळ्या वजनाचा व वेगाचा ताण त्याच एका सरळ झालेल्या हातावर येतो. अर्थात मुलाचा नुसता हात धरूनही आपण रस्त्यात त्याला असाच हिसका देतो, म्हणून हा धोका केवळ पट्ट्याचा आहे असे नाही. पण पैसे देऊन तोच धोका विकत घेण्याचे प्रयोजन मला कळत नाही.

दुसरा आक्षेप तारेचा. ती वेटोळी असल्यामुळे ताणली की लांबते, आणि ताणल्यावर तिची लांबी दोन मीटरपर्यंत सहज जाते. विक्रेते हा गुण म्हणून सांगतात. पण पदपथाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसापासून दोन मीटर म्हणजे रस्त्याचा मधला भाग होय. शिवाय मनगटावरची पट्टी वेल्क्रोने लागते; नातवाने त्या वेल्क्रोचा चरचर आवाज काढण्याचा खेळ पहिल्याच दिवशी शोधून काढला, आणि वाळूचे कण त्या काटेरी पट्टीत शिरल्यानंतर तिची पकड अशी काही ढिली झाली की उघडण्यासाठी त्याला जोरही लावावा लागेना. काही मनगटपट्ट्यांना छोट्या किल्लीचे कुलूप असते. गर्दीत मुलाला झटकन मोकळे करण्याची वेळ आली, तर ती किल्ली पिशवीत कोठे शोधायची हा प्रश्न मला त्या कुलपापेक्षा मोठा वाटतो.

छातीच्या पट्ट्यावर मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तो चांगला असला तरी कसाही घातला तर चालत नाही. आमच्याकडच्या पट्ट्याला छातीभोवती एक रुंद पट्टी, खांद्यांवरून जाणाऱ्या दोन पट्ट्या आणि पाठीवर बकल आहे. बकल पाठीवर असणे महत्त्वाचे, कारण पुढे असलेले बकल मूल दोन दिवसांत उघडायला शिकते. पट्टी आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटे सपाट शिरतील इतकी ढील असावी. याहून सैल ठेवला तर मूल दोन्ही हात वर करून खाली बसते आणि पट्टा गळ्याशी येतो. नातवाने हे करून पाहिले तेव्हा सुनेने तेथेच थांबून दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या आखडून घेतल्या. ओढीची कडी दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, उंचावर असली पाहिजे. ती कमरेजवळ असेल तर ओढ बसताच मूल पुढे तोंडावर जाते. उंचावरच्या कडीचा एक अनपेक्षित फायदाही आहे. मूल अडखळले की पट्टी किंचित वर घेऊन त्याचे पडणे अर्ध्यावर रोखता येते, आणि जांभ्याचा खरबरीत दगड गुडघ्यांचे काय करतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याची किंमत कळेल.

पट्ट्याची खरी परीक्षा पणजीत फोंतेन्हासमध्ये झाली. आल्तिनो टेकडी आणि ओरेमची खाडी यांच्यामधल्या या जुन्या वस्तीत घरांचे उंबरे थेट गल्लीत उतरतात, पदपथ जवळजवळ नाहीच, आणि नाताळच्या दिवसांत पिवळ्या-निळ्या भिंतींपुढे छायाचित्रे काढणारे पर्यटक मागे न पाहता मागे सरकत असतात. त्यांच्यातून वाट काढणाऱ्या भाड्याच्या स्कूटर वळणावरून अचानक येतात. चालवणाऱ्याचे लक्ष बहुधा भिंतींच्या रंगाकडेच असते. अशा ठिकाणी पट्टीची पूर्ण लांबी निरुपयोगी, किंबहुना घातक ठरते. आम्ही मूठ मनगटात अडकवून पट्टीचा मधला भाग दुसऱ्या हाताने धरला आणि नातवाला हातभर अंतरावर ठेवले. "बाबा, अजून आखूड धरा," असे सून मागून सांगत होती आणि तिचे बरोबर होते, कारण आपल्याला पट्टीची लांबी दिसते, स्कूटरवाल्याला ती दिसत नाही. नातू एका घराच्या बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, पायऱ्यांवर चढला, उतरला, पुन्हा चढला. या सगळ्या वेळात त्याचे दोन्ही हात मोकळे होते आणि त्याला त्याचा आनंद होता. हात धरलेला असता तर हे त्याला करता आले नसते, आणि हात सोडलेला असता तर ते आम्ही करू दिले नसते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अनुभव वेगळा आला. तेथे गर्दी इतकी असते की चौरिसोच्या (गोव्याच्या मसालेदार सॉसेजच्या) माळा, मिरच्यांचे ढीग आणि केळ्यांचे घड यांच्यामधून पुढे सरकताना मूल आणि आपण यांच्यामधल्या पट्टीत तिसराच माणूस अडकतो. डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसाला पायातली पट्टी दिसत नाही. तेव्हा अशा जागी पट्टा घातलेलाच ठेवावा, पण मुलाला कडेवर घ्यावे.

सर्वांत अधिक उपयोग आग्वाद किल्ल्यावर झाला. १६१२ साली पोर्तुगीजांनी बांधलेल्या या किल्ल्याचा वरचा भाग म्हणजे उन्हात तापणारे, विस्तीर्ण, सावली नसलेले जांभ्याचे प्रांगण. तेथे १८६४ साली उभारलेले जुने दीपगृह आहे आणि बाहेरून कोरडा खंदक आहे. मुलाला पळायला यापेक्षा चांगली जागा मिळणे कठीण, आणि म्हणूनच येथे पट्टी पूर्ण सोडून त्याच्या मागे सावकाश चालता येते. परंतु प्रांगणातून तटावर जाता येते, आणि तटाची कड काही ठिकाणी दोन वर्षांच्या मुलाला चढता येईल इतकी बुटकी आहे. त्या बाजूला वळताना पट्टी गुंडाळून हातात घ्यावी. तटावर उभे राहून मांडवीचे मुख पाहायचे असेल, तर दोन मोठ्या माणसांनी पाळी लावावी. पट्टी धरणाऱ्याने दृश्य पाहू नये, हा नियम आमच्या घरात मी घातला आणि सर्वप्रथम तो मलाच पाळावा लागला.

फोंड्याजवळच्या मंगेशीच्या देवळात सात मजली दीपस्तंभाभोवती नातू फेऱ्या मारत होता. त्या प्रशस्त आवारात पट्ट्याची गरज भासत नाही. गरज आहे ती तळीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांशी. गोव्यातील बहुतेक जुन्या देवळांना अशी तळी असते, आणि तिच्या पायऱ्या मोठ्या माणसाच्या पावलाच्या बेताने बांधलेल्या असून शेवाळाने निसरड्या असतात. आम्ही पायऱ्यांच्या माथ्यावरूनच परतलो. पट्टा असला म्हणजे उतरायला हरकत नाही, असा हिशेब करू नये. तोल गेलेले मूल निसरड्या पायरीवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यालाही बरोबर घेऊन जाईल.

पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीवर पट्टा घालून चढण्याला माझी पूर्ण अनुमती आहे. फळी खाली आली की दुचाकी आणि पायी जाणारे एकाच वेळी हलतात, आणि ओल्या लोखंडावरून चालताना मोकळे मूल सांभाळणे अशक्य असते. चढताना आणि उतरताना मुलाला उचलून घ्यावे, बोट चालू असताना कठड्यापासून दूर उभे राहून पट्टी आखूड धरावी. ती कठड्याला मात्र कधीही बांधू नये. कोणत्याही स्थिर वस्तूला, खुर्चीला किंवा खांबाला मूल बांधून ठेवणे हा या वस्तूचा सर्वांत धोकादायक गैरवापर आहे, कारण अडकलेली पट्टी गळ्याभोवती गुंडाळली जाऊ शकते. घसरगुंडी, झोपाळे आणि सरकता जिना यांच्यासाठीही हेच लागू आहे. खेळण्याच्या जागी पट्टा पूर्ण काढून ठेवावा.

समुद्राचा विषय मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी या संस्थेचे जीवरक्षक असतात. लाल बावटा असेल तेथे पाण्यात उतरायचे नसते, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधला भाग त्यांच्या देखरेखीखाली असतो. पण ही व्यवस्था पोहणाऱ्यांसाठी आहे, पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या दोन वर्षांच्या मुलासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार बुडून मरण पावण्याचे प्रमाण सर्वाधिक असलेला वयोगट १ ते ४ वर्षांचा आहे, आणि एवढ्या लहान मुलाला बुडायला घोटाभर पाणीही पुरते. पट्टा घातलेले मूल लाटेत उभे केले तर लाट परतताना पायाखालची वाळू नेते, मूल आडवे होते, आणि ओली पट्टी त्याच्या पायांत किंवा मानेशी गुंडाळते. आपण ओढू तितकी ती आवळते. किनाऱ्यावर शॅकपासून (वाळूतल्या खानावळीपासून) ओल्या वाळूपर्यंत जाताना पट्टा ठीक आहे, भटक्या कुत्र्यांच्या टोळीतून जाताना तर फारच ठीक. ओली वाळू सुरू झाली की तो काढावा आणि मुलाला दोन्ही हातांनी धरावे. आम्ही पाळोळ्याच्या शांत पाण्यातही हेच केले.

आमच्या जावईबापूंनी एक दिवस सुचवले की पट्टा आहेच, तर नातवाला स्कूटरवर मध्ये बसवून मिरामारच्या किनाऱ्यावर नेऊ या. ही गल्लत बऱ्याच जणांची होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ च्या फेब्रुवारीत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा-हार्नेस आणि हेल्मेट आवश्यक आहे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. पण तो हार्नेस म्हणजे मुलाला चालवणाऱ्याच्या अंगाशी बांधणारे जाकीट असते. ते ३० किलोपर्यंत वजन पेलेल अशा बांधणीचे असावे लागते. चालण्याचा पट्टा हाताने धरायचा असतो; त्याची शिवण आणि त्याचे प्लॅस्टिकचे बकल त्या कामासाठी केलेले नाही. दोन्हींना दुकानात हार्नेसच म्हणतात, आणि संकेतस्थळांवर तर ते एकाच यादीत शेजारी शेजारी दिसतात. जावईबापूंनी ऐकले. आम्ही टॅक्सीने गेलो.

पाठीवर छोटी सॅक आणि तिला जोडलेली पट्टी, असाही एक प्रकार मिळतो. मुलीच्या शेजारणीकडे तो आहे आणि तिच्या मुलीला सॅकवरचे माकड फार आवडते. वस्तू गोंडस आहे, पण सॅक म्हटली की मोठी माणसे तिच्यात पाण्याची बाटली, डायपर आणि बिस्किटे भरतात. शाळकरी मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असे २०२० चे दप्तर-धोरण सांगते आणि शाळापूर्व वर्गांना दप्तरच नको म्हणते. बारा किलोच्या मुलाच्या बाबतीत हे दहा टक्के म्हणजे सव्वा किलोच्या आत झाले, आणि भरलेली बाटलीच त्यातले निम्म्याहून अधिक खाते. शिवाय पट्टी सॅकच्या तळाशी शिवलेली असेल तर ओढ खालून बसते, ज्याचा दोष वर सांगितलाच आहे. रिकामी ठेवणार असाल तर घ्या.

गोव्याच्या हवेचा पट्ट्यावर काय परिणाम होतो, हे आमच्या पाहण्यात आले ते असे. छातीवरच्या गादीत फेसाचा थर आहे. तो घाम शोषून घेतो आणि वाळत नाही, त्यामुळे दुपारनंतर नातवाच्या छातीवर लाल चट्टे दिसू लागले. आत सुती बनियान घातल्यावर ते थांबले, तरी जाळीदार कापडाचा पट्टा मिळाला तर तोच घ्यावा. कडीचे हूक धातूचे आहे आणि खाऱ्या हवेत त्याच्या स्प्रिंगला दोनच दिवसांत हिरवट पूड धरली. बकलच्या खाचांत वाळू बसली की ते अर्धवट लागते. बाहेरून लागल्यासारखे दिसते, पण 'टक' असा आवाज येत नाही. हा आवाज आला नाही तर पट्टा लागलेला नाही असे समजावे. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून, खाचा जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साफ करून, सावलीत वाळवला की तो दुसऱ्या दिवशी नीट चालतो.

लोक काय म्हणतात, हा प्रश्न विचारला जातोच. मंगेशीच्या आवारात फुले विकणाऱ्या एका आजींनी "भुरग्याक कित्याक बांदलां?" (मुलाला का बांधले आहे?) असे कोंकणीत विचारले, आणि कळंगुटला कुणीतरी मुंबईकर मराठीत, मला ऐकू यावे इतक्या मोठ्याने, कुत्र्याची उपमा दिली. आजींना मी तळीकडे बोट दाखवले. उपमा देणाऱ्याचे दोन्ही हात मोबाइलवर होते आणि त्यांचे चिरंजीव शहाळेवाल्याच्या कोयत्यापाशी उभे होते, एवढेच नोंदवतो. तथापि त्या आक्षेपात एक भाग खरा आहे. पट्टी ओढून मुलाला वळवणे, थांबवणे, घाई करायला लावणे हे सोपे असते, आणि सोपे असल्यामुळे त्याची सवय लागते. मूल थांबवायचे ते आवाजाने आणि हाताने. पट्टी ताणली गेली तर ती आपल्या लक्ष नसण्याची खूण समजावी. आमच्याकडे सून हे उत्तम करते. ती रस्त्याच्या कडेला पोहोचण्याआधीच "थांब" म्हणते, आणि बहुतेक वेळा पट्टी सैलच राहते. मला अजून ते पुरते साधलेले नाही.

घेताना काय पाहावे? युरोपात या वस्तूंसाठी ईएन १३२१० हे मानक आहे आणि काही आयात मालावर त्याचा उल्लेख असतो. तो असेल तर चांगले. नसेल, तर पट्टी जेथे कडीला शिवलेली आहे तेथे चौकोनात फुलीची दुहेरी शिवण आहे का ते पाहावे आणि दोघांनी दोन टोके धरून जोरात खेचून पाहावे. पट्टी वेगळी काढता येणारी असावी, म्हणजे मूल झोपले की ती काढून ठेवता येते. साधी, न ताणणारी पट्टी घ्यावी आणि तिची लांबी सव्वा मीटरच्या आसपास असावी. माप वयावरून मागवू नये; छातीचा घेर मोजून मागवावे, कारण वेष्टनावरचे 'एक ते तीन वर्षे' बारीक चणीच्या मुलाला फसवते. आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने दोन मोबाइल क्रमांक लिहावेत, नाव लिहू नये. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की या वयाचे मूल त्याच्याकडे जाते. आमच्या छातीच्या पट्ट्याला ७०० रुपयांच्या आत पडले, मनगटाच्या पट्ट्याला ३०० च्या आसपास, आणि छातीचा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तरी पुरेल, कारण खांद्यांच्या पट्ट्यांत अजून चार बोटे वाढवायला जागा आहे. मनगटाच्या पट्ट्याची तार काढून सुनेने ती घराच्या किल्ल्यांना लावली आहे.